पाव्हणा आणि खळ्यावरची रिंग

आमच्या घरात गेली काही वर्षे एक पाहुणा आहे. तो स्पेनचा आहे, व्यावसायिक बास्केटबॉल खेळतो, आणि आमच्यापैकी कुणीही त्याला प्रत्यक्ष पाहिलेले नाही. माझ्या मुलीला तो मोबाईलवर पहिल्यांदा दिसला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि ती बारा-तेरा वर्षांची. त्याचे सामने तिकडच्या संध्याकाळी होतात. आमचे गाव त्या वेळी झोपलेले असते. म्हणून आम्ही बापलेक ते दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेची वेळ होईपर्यंत, ओसरीवर बसून पाहत असू. अशाच एका सकाळी माझी पत्नी धारेची बादली घेऊन आली, आमची मोबाईलवर वाकलेली डोकी पाहून थांबली आणि म्हणाली, “आला का तुमचा पाव्हणा? चहा टाकू का त्यालाबी?”

तेव्हापासून त्याचे नाव पाव्हणा पडले. त्याचे खरे नाव आम्हां तिघांनाही येते, पण घरात ते कुणी उच्चारत नाही.

मी लोहाऱ्याच्या एका शाळेत मराठी शिकवतो. आमचे गाव तिथून जीपने अर्ध्या तासावर आहे. शेती थोरले बंधू पाहतात. त्यांना घरात आणि गावात सगळेच आण्णा म्हणतात. माझी मुलगीही आण्णाच म्हणते. बास्केटबॉलशी आमच्या घराण्याचा काही संबंध नव्हता. एका वर्षी शाळेत खेळाच्या साहित्याची पेटी आली, तिच्यात तो नारिंगी चेंडू होता. रिंग नव्हती. मुलांनी त्याला लाथा मारून पाहिल्या, पाय दुखले, आणि चेंडू कपाटावर जाऊन बसला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुख्याध्यापकांना विचारून मी तो मुलीसाठी घरी आणला. ती त्या वेळी दहा वर्षांची होती. दोन दिवस तिने तो अंगणात आपटला आणि तिसऱ्या दिवशी विचारले, “पप्पा, ह्याला टाकायचं कशात?”

रिंग लोहाऱ्यातल्या एका वेल्डरने करून दिली, अगदी मापात. ती लावायला सपाट आणि कठीण जागा आमच्याकडे एकच होती : खळे. आमचे खळे गोठ्याच्या दगडी भिंतीला लागून आहे. आता मळणी यंत्राने होते, बैल फिरत नाहीत. तरी सोयाबीन, तूर आणि ज्वारीची रास अजून तिथेच पडते, आणि आण्णा खळ्याला खळ्यासारखेच वागवतात. त्यांनी दोन अटी घातल्या. खळ्यात पायताण घालून यायचे नाही. रास पडलेली असताना चेंडू आणायचा नाही. दोन्ही आम्ही मान्य केल्या. मी भिंतीला टेप लावून दहा फूट मोजले, खडूने खूण केली, पुन्हा मोजले, आणि लाकडी फळीवर रिंग बसवून घेतली. फळीच्या वर दोन दगडांचा थर आणि लगेच गोठ्याचे पत्रे. त्याहून वर जागाच नव्हती, आणि त्या दिवशी तिची गरजही नव्हती.

जाळी नव्हती. ती आण्णांनी आणली. “बैलाचं मुसकं हाय,” ते म्हणाले. “खालून सोडलंय. धान्याला तोंड लावू नये म्हणून बांधायचो आमी. आता खाऊ दे चेंडू.”

अशा रीतीने माझी मुलगी अनवाणी, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, बैलाच्या मुसक्यात चेंडू टाकायला शिकली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. दरवर्षी पावसाळा सरला की खळे नव्याने करावे लागते. पावसाने वरची सारवण वाहून गेलेली असते, भेगा पडलेल्या असतात. मातीचा हात फिरवायचा, पाणी मारायचे, चोपण्याने चोपायचे आणि शेणकाला करून सारवायचे. हे काम आण्णांचे. पण रिंग लागली त्या वर्षापासून ते मी माझ्याकडे घेतले. चेंडू नीट उसळावा म्हणून मी आधी मुरमाचा चांगला जाड थर टाकीत असे आणि त्यावर काळ्या मातीचा हात देत असे.

“लई टाकतोयस,” आण्णा म्हणत. “मागचं बसलंय की घट्ट.”

“राहू द्या, आण्णा. पोरीला चांगलं पाहिजे.”

जुना थर उकरून काढावा असे आम्हां दोघांच्याही मनात कधी आले नाही. घट्ट बसलेले खळे कुणी फोडत नाही. वर्षभर माझ्या हातून जे काही होत नसे, ते सगळे त्या चार दिवसांत मी त्या जमिनीत घालीत असे. चोपणे हातात घेऊन मी खळ्यावर बसलो की मला वाटे, मी बाप म्हणून काही तरी करतो आहे.

मुलगी मोठी झाली, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या संघात खेळू लागली. तिकडच्या मैदानांवर एक रिंग झुकलेली तर दुसरी गंजलेली, त्यामुळे तिथे कुणी लांबून चेंडू टाकायच्या फंदात पडत नसे. ती धावत आत शिरायची, पास द्यायची, वेळ पडली तर अगदी रिंगखालून चेंडू टाकायची. लांबचे शॉट तिने घरी राखून ठेवले होते. घरी ते पडत. संध्याकाळी मुसक्यातून चेंडू सुटल्याचा आवाज ओसरीवर ऐकू येई, आणि मी उत्तरपत्रिका तपासताना मनातल्या मनात त्याला मान डोलवीत असे.

पाव्हण्याचेही याच काळात चालले होते. त्याचे गाव लहान, वडील ऑलिव्हच्या बागेत कामाला. हे एका मुलाखतीत वाचल्यावर आण्णांचे त्याच्याविषयीचे मत एकदम बदलले. “म्हंजे आपल्यातलंच पोरगं की,” ते म्हणाले आणि त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याजवळ बसून त्यांनी सामना पाहिला. सोळाव्या वर्षी तो घर सोडून राजधानीतल्या एका मोठ्या क्लबच्या वसतिगृहात राहायला गेला होता. अठराव्या वर्षी त्याला मोठ्या संघात उतरवले, जिंकलेल्या सामन्याच्या अगदी शेवटी. चेंडू त्याच्या हाताला लागलाही नाही. मुलीने ते क्षण पुन्हा पुन्हा पाहिले. पुढचे वर्षभर तो बाकावर बसून होता. कॅमेरा फिरत फिरत त्याच्यावरून जाई, तेव्हा त्याच्या खांद्यावर टॉवेल असे आणि नजर खेळावर.

मग बातमी आली, की क्लबने त्याला खालच्या श्रेणीतल्या एका लहान गावाच्या संघाला उसना दिला आहे.

“माणूस उसना देतात व्हय?” आण्णांनी विचारले. “आपल्याकडं खुरपं देतात उसनं.”

मला वाईट वाटले होते. मी मुलीला समजावणीच्या सुरात म्हणालो, की असे होते, सगळेच वर जात नाहीत. तिने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले.

“पप्पा, तिथं त्याला मिनिटं मिळतील.”

त्यांच्या खेळात ‘मिनिटं’ म्हणजे मैदानात प्रत्यक्ष खेळायला मिळालेला वेळ. मोठ्या क्लबच्या बाकावर बसण्यापेक्षा लहान गावात मिनिटे मिळवणे त्याने स्वतःच मागून घेतले होते, हे मला मागाहून कळले. मुलीला ते न सांगता कळले होते. त्या गावी फार वारा असतो म्हणे. तिथल्या प्रशिक्षकाला त्याच्या शॉटमध्ये दोष दिसला. पोरगा भराभर वाढला होता, हाताची सवय मात्र जुन्या उंचीची राहिली होती. मग त्याला लांबून चेंडू टाकायची बंदी झाली. संपूर्ण हंगामभर सरावाला तो रिंगच्या जवळ, अगदी पुढ्यात उभा राहून टाकत असे, आणि जमले तरच एक पाऊल मागे घेत असे. त्या सरावाचा एक व्हिडिओ आम्ही पाहिला. मला तो कंटाळवाणा वाटला. तिने तो जपून ठेवला.

गेल्या हिवाळ्यात मुलीची लातूरला निवड चाचणी होती. निवासी प्रशिक्षण केंद्रात प्रवेश मिळाला असता. तिथे राहणे, शिकणे आणि रोज खेळणे. वयाच्या नियमाने तिचे ते शेवटचे वर्ष होते. या वर्षी नाही तर पुढे केंद्र नाही, आणि केंद्र नाही तर हा खेळ तालुक्याच्या मैदानावर संपणार, हे आम्ही दोघेही जाणून होतो.

बंद हॉल, लाकडी जमीन, दोन्ही बाजूंना सारख्या स्वच्छ रिंगा. मी गॅलरीत बसलो होतो. तिचे धावणे, अडवणे, पास, सगळे नेहमीसारखे उत्तम झाले. मग लांबून टाकायची वेळ आली आणि तिचा प्रत्येक चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत आला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. सरळ, आणि आखूड. एक, मग दुसरा, मग सगळेच.

निवड करणाऱ्या बाईंनी आम्हांला जवळ बोलावले. “मुलीची नजर चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “पाय जागेवर आहेत. पण शॉट सगळे आखूड पडले. राखीव मुलींची महिन्याभरानं फेरचाचणी आहे, तिला या. तेव्हाही असंच झालं तर मला काही करता येणार नाही.”

एसटीत ती खिडकीजवळ बसली. मी हळू आवाजात विचारले, “घाबरलीस का गं?”

“न्हाय.”

“होतं असं. एवढा मोठा हॉल, अनोळखी माणसं...”

“पप्पा, मी घाबरले न्हवते.”

मी तिचे ऐकून घेतले, पण मानले नाही. औशापासून लोहाऱ्यापर्यंत मी तिच्याशी धैर्याविषयी बोलत राहिलो. माझा आवाज वरचा नाही. वर्गातही मी ओरडत नाही. मऊ बोलणाऱ्या माणसाचा एक अपराध असा असतो, की त्याचे बोलणे थांबवायला समोरच्याला निमित्तच सापडत नाही. मी पाव्हण्याचे उदाहरण दिले. तो किती खंबीर आहे, बाकावर बसूनही कसा डगमगला नाही, हे सांगितले. तिने काचेतून बाहेर पाहत म्हटले, “त्यालाबी कुणीतरी असंच म्हणलं असंल.”

घरी पत्नीने बुटांना दोष दिला. “जन्मभर अनवाणी खेळलेली पोर. बूट घातल्यावर काय होणार?” तिने सोनारीच्या भैरोबाला नारळ बोलला आणि स्वयंपाकाला लागली. मी मात्र माझ्या निदानावर ठाम होतो. माणसांची भीती मोडायची तर माणसे हवीत, असे ठरवून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आण्णांना आणि आजूबाजूच्या चार-सहा जणांना खळ्याभोवती उभे केले आणि सांगितले, की ती चेंडू टाकू लागली की ओरडा, हसा, काहीही करा.

आण्णांनी रिकामा तेलाचा डबा आणला आणि काठीने बडवायला सुरुवात केली.

“हुकला, हुकला! गोठ्यात गेला!”

“आगं म्हैस बिथरली, तिकडं बघ!”

“आण्णा, डबा हळू वाजवा, वरात समजून माणसं जेवायला येतील!”

मुलीने टाकलेला एकही चेंडू चुकला नाही. डबा वाजत राहिला आणि मुसक्यातून चेंडू सुटत राहिले. शेवटी आण्णांचाच दम संपला. ते डब्यावर बसले. “मास्तर, घसा बसला माझा. पोरगी काय भ्यायली न्हाय.”

सगळे हसले. ती हसली नाही. ती रिंगखाली जाऊन उभी राहिली, वर पाहिले आणि उडी मारली. तिच्या बोटांत मुसक्याची दोरी आली. ती धरून ती क्षणभर लोंबकळली आणि खाली उतरली.

“पप्पा, लातूरला माझा हात जाळीला लागला न्हवता.”

“तिथली जाळी आखूड असेल,” मी म्हणालो. “हे मुसकं लांब आहे.”

“मग टेप आणा.”

मी टेप आणला. शिडीवर चढून टेपचे एक टोक तिने रिंगला लावले, दुसरे मी जमिनीला टेकवले. आकडा वाचला आणि वाटले, टेप कुठे तरी वाकला असेल. पुन्हा धरला. रिंग दहा फुटांवर नव्हती. जवळजवळ एक वीत कमी होती.

रिंग खाली आलेली नव्हती. फळीचे खिळे त्याच दगडांच्या सांध्यांत होते, माझी खडूची खूणही पत्र्याच्या आडोशाने पुसट का होईना शिल्लक होती. जमीन वर आली होती. वर्षावर्षाला मी टाकलेला मुरूम, त्यावरची माती, त्यावरची सारवण. मुलगी वाढत होती आणि मी दर दिवाळीच्या आधी तिच्या पायांखाली एक थर घालून तिची रिंग जवळ आणीत होतो. इतक्या हळू, की तिच्या हातालाही ते कळले नाही. हात बिचारा दर वर्षी नव्या उंचीला शिकत गेला.

मी खळ्याच्या कडेला बसलो. लोक पांगले. मला जमिनीच्या मापाचे तितके लागले नाही. चूक कुणाच्याही हातून होते. मला लागले ते एसटीतले. तिने दोनदा सांगितले होते, की मी घाबरले नव्हते. तिला हॉलमध्ये काय झाले हे ठाऊक नव्हते, पण काय झाले नाही हे नेमके ठाऊक होते. आणि मी, ज्याने वर्षानुवर्षे मुलांना सांगितले की माणसाचे म्हणणे नीट ऐका, तिच्या मनात एक भीती शोधून काढली होती, कारण मन दुबळे असणे मला समजण्यासारखे होते. माझे तसे आहे. माझ्या मापाने मी तिला मोजले होते.

“आता?” तिने विचारले. तिचा आवाज रडवेला नव्हता. तिला पुढचे काम हवे होते.

रिंग वर नेता येत नव्हती. वर पत्रे होते. दुसरीकडे खांब रोवावा तर दुसरीकडे नांगरलेले रान. उरले एकच. मी आण्णांकडे पाहिले. पंधरवड्यात ज्वारी काढणीला येणार होती. काढणीच्या तोंडावर कुणी खळे फोडत नाही. आमच्याकडे तरी कुणी फोडल्याचे मी ऐकलेले नाही. आण्णा डब्यावरून उठले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिकावाच्या आवाजाने मला जाग आली. मी गेलो तेव्हा आण्णा अनवाणी खळ्यात उभे होते. मधोमध हळदी-कुंकू वाहिलेले होते, आणि त्याच्या शेजारी पहिला घाव पडलेला होता.

“बघत काय उभा राहिलास?” ते म्हणाले. “पाटी घे.”

“आण्णा, ज्वारी...”

“ज्वारी काय पळून चाललीय? पंधरा दिस शेतात उभी ऱ्हाईल. पोरगीला महिनाच हाय.”

आम्ही चौघे खणायला लागलो. आण्णांचा टिकाव, माझे खोरे, पत्नीच्या आणि मुलीच्या डोक्यावर पाट्या. खणताना थर स्पष्ट दिसत होते : शेणाची काळपट रेघ, तिच्याखाली मातीचा हात, मग तांबूस मुरूम, पुन्हा रेघ. प्रत्येक रेघ एका वर्षाची. मध्येच दबून बसलेले सोयाबीनचे दाणे निघाले, एका थरात निळ्या बांगडीचा तुकडा. मुलीने तो उचलून पाहिला. “सहावीतला,” ती म्हणाली आणि मातीबरोबर पाटीत टाकला. मी तो ठेवून घेतला असता. पण ती पाटी उचलून चालू लागली होती, आणि मलाही खोरे मारणे भाग होते.

टेप दहा फूट दाखवू लागला त्या संध्याकाळी तिने नव्या, खरे तर जुन्या, जमिनीवरून पहिला चेंडू टाकला. तो रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत आला. मग दुसरा. घरच्या खळ्यावर तिचा चेंडू आखूड पडताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. पत्नी तोंडाला पदर लावून आत गेली. माझ्या ओठांवर धीराचे वाक्य येऊन ठेपले होते. ते तिने ओळखले असावे.

“पप्पा, तुम्ही फकस्त चेंडू आणून द्या,” ती म्हणाली. “बोलू नका.”

तो महिना मी बोललो नाही. शाळेतून आलो की चपला कडेला काढून खळ्यात उतरायचे, रिंगखाली उभे राहायचे आणि पडलेला चेंडू तिच्याकडे परत टाकायचा. हे सोपे नव्हते. आयुष्यभर मी शब्दांनी मदत केली आहे. शब्द काढून घेतल्यावर माझ्याजवळ काय उरते, हे मला तिथे पाहावे लागले. तिने पाव्हण्याचा तो कंटाळवाणा व्हिडिओ पुन्हा काढला. त्याच्यासारखीच ती रिंगच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, जिथून लहान मुलेही टाकतील अशा जागी. गुडघे वाकवायचे, पायांतून जोर आणायचा, हात वरपर्यंत न्यायचा. सलग पडू लागले की एक पाऊल मागे. एक जरी आखूड पडला तर पुन्हा पुढे. येणारी-जाणारी पोरे कुंपणावरून टोमणे मारीत, “ताई, रिंगवरच चढून बसा की!” ती ऐके आणि पुन्हा गुडघे वाकवी. दोन दिवस तिने कमावलेली पावले तिसऱ्या दिवशी परत द्यावी लागत. ती देई. तिच्या चेहऱ्यावर मला कधीच घाई दिसली नाही, आणि थकवा दिसला तर तोही ती बाजूला ठेवलेल्या बुटांसारखा खळ्याबाहेर ठेवून येई. शेवटच्या आठवड्यात आण्णांनी खळ्याच्या दारात तिचे बूट स्वतः धुऊन ठेवले. “घाल,” ते म्हणाले. “बूट घालून परीक्षा हाय न्हवं? मग आत घालून ये. माझं मी बघतो.”

याच दिवसांत एका सकाळी मी मोबाईलवर एक बातमी वाचली. मोठ्या क्लबने पाव्हण्याला परत घेतले नव्हते. करार संपला होता, आणि त्या वाऱ्याच्या गावच्या संघाने त्याला कायमचे ठेवून घेतले होते. मी ती बातमी मुलीपासून लपवायचे ठरवले. फेरचाचणी होईपर्यंत तिला कशाला सांगायचे, असा मी विचार केला. चार दिवस मी तो मोबाईल तिच्या हाती लागू नये म्हणून खिशात घेऊन हिंडलो. शेवटी पत्नीनेच हसत विचारले, “पाव्हण्याला खिशात कोंडलंय का?”

मुलगी भाकरी खात होती. “पप्पांना वाटतंय मला ठाऊक न्हाय,” ती म्हणाली. “मैत्रिणीच्या मोबाईलवर कवाच वाचलंय मी. तो आता तिथलाच झाला. चांगलं झालं की.”

“तुला वाईट नाही वाटलं?”

“का? तिथं तो खेळतोय.”

मी मोबाईल खिशातून काढून भिंतीवरच्या फळीवर ठेवला. एकाच महिन्यात दुसऱ्यांदा मी तिला तिच्याहून लहान समजलो होतो.

फेरचाचणीला मी पुन्हा गॅलरीत बसलो. पहिला लांबचा शॉट तिने टाकला आणि तो रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत आला. तोच आवाज. मी मान खाली घातली. मग वाटले, की हे तरी मी करू नये. आणि वर पाहिले.

ती चालत पुढे येत होती. आखलेल्या रेषेपासून आत, रिंगच्या अगदी पुढ्यात. इतर मुली थांबून पाहू लागल्या.

निवड करणाऱ्या बाईंनी विचारले, “तिथून का?”

“इथून सुरू करते, मॅडम,” ती म्हणाली.

बाई बाजूला सरल्या. तिने तिथून चेंडू टाकला, पडला. एक पाऊल मागे घेतले, पडला. पुन्हा एक पाऊल. हॉलमध्ये तिला हसणारे कुणी असेल तर मला ऐकू आले नाही. गुडघे वाकत होते, हात वरपर्यंत जात होता, आणि ती खळ्यावरच्यासारखीच, कुठलीही घाई न करता, मागे मागे जात होती. रेषेवर पोहोचली तेव्हा तिने एकदा बुटांकडे पाहिले आणि टाकला. जाळी हलली. त्यानंतरचे सगळे पडले असे नाही. एक आखूड पडला, आणि ती पुन्हा एक पाऊल पुढे आली. बाईंनी हातातला कागद खाली ठेवला आणि शेजारच्या सरांना म्हणाल्या, “ही शिकेल.” मी वर बसलो होतो तरी ते मला ऐकू आले.

यादीत तिचे नाव शेवटून दुसरे होते. बाहेर आल्यावर तिने माझ्याकडे पाहिले, जणू विचारत होती, की आता बोलणार का. मी पाण्याची बाटली पुढे केली.

जूनपासून ती केंद्रात आहे. तिथल्या मुली तिच्याहून उंच आहेत, आणि बहुतेक सामने ती बाकावरून पाहते. खांद्यावर टॉवेल असतो, असे ती फोनवर सांगते. मागच्या रविवारी तिचा फोन आला तेव्हा आधी तिची आई बोलली, मग आण्णा, मग मी. “पप्पा, आज मिनिटं मिळाली,” ती म्हणाली. किती, ते मी विचारले नाही. पाव्हणा अजून त्याच वाऱ्याच्या गावात खेळतो. त्याचे सामने मी आता एकटाच पाहतो, आणि पत्नी दोन कप चहा टाकते.

पावसाळा सरला. परवा आम्ही खळे करायला घेतले. आण्णांनी शेणकाल्याची बादली आणून ठेवली. मी आधी खोरे घेतले आणि मागच्या वर्षीची सारवण उकरून, तिच्याखालची सैल माती खरवडून बाहेर काढली. त्याला दिवस गेला. संध्याकाळी मी जमिनीवर टेप टेकवला आणि आण्णा शिडीवर चढले.

“धरलंय,” ते वरून म्हणाले. “किती?”

“दहा फुटांपेक्षा दोन बोटं जास्त.”

“मंग तेवढंच सारव. मुरूम नगं.”

“नको,” मी म्हणालो, आणि बादलीत हात घातला. ती दिवाळीला येणार आहे.